पात्रता कालावधी

खडकी बाजारात, झेरॉक्सच्या मशीनशेजारी
माझं टेबल. पानाला वीस रुपये.
महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, कॅन्टीनचं सामान घेऊन झालं की
ते येतात. पिशवीत तेल, साबण,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली,
आणि बगलेत ती फाइल, जिची दोरी
दोनदा बदलून झाली.

सुभेदार मांढरे बसतात. बाकीचे उभे.
खुर्च्या आहेत, तरी उभे.

विषय : सेवापदक मिळणेबाबत.
संदर्भ : आमचे यापूर्वीचे अर्ज, एकूण चौदा.
महोदय,
इथवर मी न विचारता टाइप करते.

पुढचं मात्र ते दर वेळी नव्यानं सांगतात.
तोफा थांबल्या, त्यानंतर अकराव्या दिवशी
आमची कंपनी पोचली.
सगळे परतत होते, गळ्यात झेंडूचे हार,
आमच्या गाड्या तेवढ्या उलट दिशेनं.
जमीन परत मिळाली होती.
तिच्या पोटात काय आहे, ते कुणी विचारलं नव्हतं.

पाच महिने. पोटावर पडून.
हातात सळई, तीस अंशांचा कोन,
वीतभर माती, मग पुढची वीत.
दुपारी वाळू तापायची. हात थरथरू नये म्हणून
मुलाणी मोठ्यानं पाढे म्हणायचा, औटकीचे.
साती औट साडेचोवीस,
तिथं तो थांबला.
वाणवडीला नवा पाय बसवला त्याला,
त्याच पायावर तो इथं उभा असतो.

उत्तर येतं. उशिरा, पण येतं.
‘सदर कालावधीत युद्धजन्य परिस्थिती अस्तित्वात नसल्याने
आपली सेवा पात्रता कालावधीत बसत नाही.’
मुलाणी हसतो. म्हणतो,
सुरुंगांना कुणी कळवलं नव्हतं.

कॅम्पात एक दुकान आहे. तिथं पदकांच्या फिती
मीटरवर मिळतात, रिळाला गुंडाळलेल्या.
कागद कुणी मागत नाही. नाटकवाले नेतात,
शाळा नेतात गॅदरिंगला.
ढमढेरे एकदा जाऊन भाव विचारून आले.
सुभेदार त्यांच्याशी दोन मंगळवार बोलले नाहीत.

प्रिंट निघाली की चष्मा पुसतात.
पहिल्या शब्दाखाली बोट ठेवतात, सरकवतात,
थांबतात, पुन्हा सरकवतात.
ते वाचत नाहीत. पान साफ करतात.
एकदा माझ्याकडून ‘सुरंग’ झालं होतं.
बोट तिथंच थांबलं. मागचे आपोआप गप्प.
“ताई, उकार राहिला,” हळूच म्हणाले,
“एवढ्याशावर माणूस जातो.”

मी विचारलं होतं, काका, आता मिळून काय होणार?
पेन्शन तर वाढणार नाही.
ते बराच वेळ पिशवीची गाठ सोडत बसले.
मग म्हणाले, साळुंखेच्या गावात
वेशीवर दगड आहे, लढाईत गेलेल्यांच्या नावांचा.
त्यावर तो नाही. सरकारी कागदात
‘अपघाती मृत्यू’ आहे ना.
त्याची आई जाईपर्यंत विचारायची,
अपघात म्हणजे कसला रे, मोटारीचा?

या मंगळवारी एक जण कमी होता.
मी जुनीच फाइल उघडली. ढमढेऱ्यांच्या नावाआधी
‘कै.’ टाइप केलं. दोनच अक्षरं जेमतेम,
पण ओळ तुटली, खालच्या सगळ्या ओळी सरकल्या,
शेवटची सही एकटीच दुसऱ्या पानावर गेली.
मुलाणीची.

अक्षर बारीक करते, म्हटलं, एका पानात बसेल.
“नको,” सुभेदार म्हणाले. “बसवायचं नाही काही.”
दहाच्या चार नोटा मोजून ठेवल्या,
चष्मा पुसला,
आणि ‘विषय’मधल्या ‘वि’खाली
बोट ठेवलं.