वास जातो

"वास जातो," दुकानातली रीलिका म्हणाली,
"आठवडाभर खिडकी उघडी ठेवा, जातो."
"कुठे जातो?" बाबांनी विचारलं.
ती हसली. बाबा हसले नाहीत.

व्होरूमध्ये फेब्रुवारीत
आठवडाभर खिडकी उघडी कोण ठेवतं?
बाहेर उणे अठरा.
आत, माझ्या कोटाच्या खिशात उकूचा इन्हेलर,
आणि उकू स्वतः तिसऱ्या गादीवर,
बूट काढून, शहाण्यासारखा.

एकतीस वर्षं बाबांनी फोमचे ठोकळे चिकटवले
स्टेशनामागच्या लांबोळक्या शेडमध्ये.
संध्याकाळी त्यांच्या स्वेटरला गोड वास यायचा,
उकडलेल्या नासपतीसारखा.
मला आवडायचा.
त्यात तोंड खुपसून झोपायचे मी.
हे मी डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

नाक मुठीत धरून नोकरी केली त्यांनी,
आणि निवृत्तीच्या दिवशी मूठ उघडली
तर आत नाकच नव्हतं.
कॉफी, डिझेल, आईच्या शवपेटीवरची फरची फांदी,
सगळं त्यांना आता सारखंच.

म्हणून आम्ही कामं वाटून घेतली.
हुंगायचं मी.
बाबा शिवण चाचपतात,
चेन अर्धी ओढून आत बोट घालतात.
"हा गोंद पाण्यातला. हा नाही.
आगीच्या भीतीनं यात काहीतरी मिसळलंय,
काय ते लेबलवर नाही."
लेबलवर एक हिरवं पान होतं.
कुठल्या झाडाचं, ते बाबांनाही ओळखेना,
आणि ते जंगलातच वाढलेत.

लॅटेक्स नको, उकूच्या ओठांना फुगासुद्धा चालत नाही.
लोकरीनं मान लाल होते.
शेवटी एक कापसाची,
पातळ, बेढब, कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेली,
जिच्याबद्दल रीलिकाला काही पाठ नव्हतं.
मी नाक लावलं.
"कसला येतो?"
"कसलाच नाही."
"नीट बघ."
"खरंच नाही, बाबा."
इतके खूश झाले,
जणू त्यांचंच नाक परत आलं.

घरी आणली, पण आत नाही घेतली.
नवी असली तरी आमच्याकडे असंच करतात,
अंगणात बर्फावर पालथी घातली.
बाबांनी वेताची बडवणी काढली.
धूळ नव्हतीच, तरी बडवत राहिले,
जरा जास्तच.
मला पुढे होऊन हात धरावा लागला.

मग तीन रात्री थंडीच झोपली तिच्यावर.
डोळ्यांना न दिसणारे ते किडे
फक्त या पाहुणीला भितात.

चौथ्या सकाळी उचलली तेव्हा
बर्फात तिचा चौकोन उमटला होता,
कडेनं बाबांच्या बुटांचे ठसे.
उकू धावत जाऊन त्यात उताणा पडला.
"मी इथेच झोपतो," म्हणाला.

मी ओणवी होऊन त्याच्या छातीला कान लावला.
शिट्टी नाही.
अजून नाही.