एक कोटी सदुसष्ट लाख रंग

विल्सन रस्त्यावरच्या गॅलरीत, दुसऱ्या मजल्यावर,
आमचं दुकान म्हणजे दीड काउंटर आणि एक स्टूल.
बाहेर लिमाचं जूनमधलं आभाळ,
न पिळताच वाळत घातलेल्या फडक्यासारखं.

गिऱ्हाईक आलं की मी आधी पायांकडे बघतो.
तिच्या पायांत टायरच्या चपला, पट्टे झिजलेले.
मी खालच्या फळीकडे हात नेला.

नाव विचारलं पावतीसाठी. नेमेसिया कोरावा.
तिनं लॅपटॉप उघडलाच नाही.
पाठीवरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडात ठेवला,
छातीशी गाठ मारली आणि निघाली.
अहो बाई! मी धावलो मागे.
ती जिना उतरली, चढली,
पुन्हा उतरली, पुन्हा चढली.
"जड आहे," म्हणाली, धाप न लागता.
"पुकियोला बस सोडली की वर सहा तास चालायचं असतं."

दुसरा दिला. तिनं कान लावला,
पोराचा ताप बघताना लावतात तसा गाल.
"हा घोरतो.
म्हाताऱ्या बोलता बोलता थांबतात, कुणी घोरत असलं की."

"बॅटरी किती चालते?"
आठ तास.
"डब्यावरचे आठ, की खरे?"
चार, मी म्हटलं.
नऊ वर्षांत पहिल्यांदाच म्हटलं असेन.

मग मी हुकमाचं पान काढलं.
पडदा बघा बाई, एक कोटी सदुसष्ट लाख रंग!
तिनं पाहिला. बराच वेळ.
"यातल्या किती रंगांची नावं येतात तुला?"

ती लोकरीच्या रंगांची नावं गोळा करते,
अल्पाका राखणाऱ्या बायकांच्या तोंडून.
कोरड्या राखेचं एक, पाऊस पडलेल्या राखेचं दुसरं,
पोटाशी फिकट होत जाणाऱ्या तपकिरीचं तिसरं.
एका रंगाचं नाव फक्त एकीलाच माहीत होतं.
होतं, असं म्हणाली ती,
आणि झोळीतून जुना लॅपटॉप काढला, टॉवेलात गुंडाळलेला.

तेओफिलोनं स्क्रू काढले. आत फिरती चकती.
त्यानं टॉर्च धरली, मला बोटानं दाखवलं,
गोल ओरखडा, केसाएवढा.
"चकतीवरचं डोकं हवेवर तरंगतं," तो म्हणाला,
"वर हवाच विरळ. टेकलं असेल."
अकरा म्हाताऱ्यांचे आवाज.
त्यातल्या चार आता नाहीत.
आम्ही किनाऱ्यावरची माणसं,
हवा कमी पडते हे आम्हाला कुठून ठाऊक!

तेव्हा मग न फिरणारी डिस्क. हे ठरलं.
प्रोसेसर? तिनं विचारलंच नाही.
मला सांगायची हिंमत झाली नाही.

शेवटी एक सापडला.
झाकणावर कुठल्याशा दंतवैद्याचा स्टिकर,
हलका, मुका, खरे सहा तास.
मी पिशवी उघडली, तर ती म्हणाली थांब,
आणि कळांवरून बोट फिरवू लागली,
तांदळातले खडे बघावेत तसं.
डोक्यावर लाट घेतलेला न नव्हता.
परदेशातून आलेला माल, बाई. चालतं की, साधा न लिहायचा.
"आमच्यात 'मी' म्हणायचं तर
सुरुवातच त्या अक्षरानं होते," ती म्हणाली.

तेओफिलोनं भंगारातून कीबोर्ड शोधला.
तासभर गेला. पैसे मी लावले नाहीत,
तरी तिनं घासाघीस केलीच, आणि चार्जरची पिशवी फुकट नेली.

दाखवायच्या मशीनवर ती एक शब्द टाइप करून गेली,
कळा कशा बसतात ते बघायला.
त्याचा अर्थ विचारायचा राहिला.
तेओफिलो खिडकीबाहेर बघून म्हणतो, हाच असेल, या आभाळाचा.
त्याला तरी काय कळतंय.

काल एक पोरगा आला.
त्याला लाल दिवे लागणारा हवा होता, सर्वांत मोठा.
मी म्हटलं, देतो.
आधी हा पाठीवर घे आणि जिना चढून ये.