ऐकू आलं की दाबा

अडतीस दिनार. पार्किंगचे वेगळे.
शुक्रवारी रात्री साखीरच्या वाळवंटात, दगडी पायऱ्यांवर
मी, मनामाच्या इस्पितळात बारा वर्षं लोकांचे कान तपासणारी,
कानांत स्पंजाचे बोळे कोंबून बसले.
आवडत्या माणसाला भेटायला कुणी असं जातं का?
मी गेले.

टिन कॅथीड्रल. सत्तावीस वर्षांनी एकत्र.
एकत्र म्हणजे
ड्रम्सवर मेलेल्याचा मुलगा,
बेसवाला भाड्यानं आणलेला,
आणि ते दोघं, ज्यांनी कोर्टात एकमेकांची अब्रू काढली,
स्टेजच्या दोन टोकांना,
मध्ये एक टँकर वळवता येईल एवढी जागा.

पहिलं गाणं सुरू झालं आणि कळलं, उतरवलंय.
दीड सूर खाली.
मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत वाढलेल्या पोरीला
हे कुणी सांगावं लागत नाही.
अब्बा घोडीवर कानस फिरवायचे,
तारेखाली सुताचा दोरा सरकवायचे,
ऐकायचे, परत घासायचे,
तार मधमाशीसारखी बोलायला लागेपर्यंत.
त्याला जवारी म्हणतात. ती झिजते.
कुठल्याही वाद्याची झिजते, मग परत काढून घ्यायची.
गळ्याची कोण काढून देतं?

अब्बांच्या लेखी आमचा हा बँड
म्हणजे पत्र्याच्या कारखान्याला लागलेली आग.
तरी एकदा दुकानातून ओरडले होते,
‘त्याला सांगा, तिसरी तार उतरलीये.’
खरंच उतरली होती. त्या कॅसेटवर ती अजून तशीच आहे.

मुबीनचा आणि माझा हेडफोन एकच.
डावा कान त्याचा, उजवा माझा.
त्यामुळे ही सगळी गाणी मला अर्धीच पाठ,
डावीकडे काय वाजायचं ते त्यालाच ठाऊक.
तो आता दोहात असतो. विमानानं पाऊण तास.
दुकानाच्या शटरची किल्ली कुणाकडे राहावी
यावरून सात वर्षं बोलणं नाही.
ही भांडकुदळ म्हातारी एका स्टेजवर आली, हे त्यालाही कळलं असेल.
मी विचारलं नाही.

शेजारी एक बहारीनी पोरगा,
अंगात एक्क्याण्णव सालच्या दौऱ्याचा टी-शर्ट,
दुकानातूनच विटका करून विकलेला.
त्याला प्रत्येक शब्द येत होता, आणि तो रडत होता.
मला राग आला.
माझ्या वाटचं रडणं या कार्ट्यानं वापरून टाकलं.

चौथ्या गाण्यात ती किंकाळी येते.
गायकानं श्वास घेतला, आणि माईक आमच्याकडे फिरवला.
फसवणूक, मी म्हणाले. अडतीस दिनार, आणि ओरडायचं आम्हीच?
पण ओरडत होते. बरगड्या थरथरत होत्या,
घसा सोलवटला होता,
आणि डाव्या कानातला बोळा
मी कधी काढून हातात धरला, आठवत नाही.
ते डावीकडचं काहीतरी पहिल्यांदाच ऐकलं.
फार भारी नव्हतं, खरं सांगायचं तर.
नुसती एक घसरत जाणारी तार.
मुबीन यावर मान डोलवायचा?

नंतर धुळीत गाडी सापडेना.
लांब अवालीकडे वायूची ज्योत फडफडत होती.
डाव्या कानात शिट्टी,
चार हजार हर्ट्झच्या आसपास, ओळखीची,
रोज तक्त्यावर मी तिचा खड्डा काढते.
सकाळपर्यंत जाते बहुतेक.
खिडकी न उघडता घरी आले, जपून.

रविवारी पहिला रुग्ण इद्रिस मियाँ,
हिद्दच्या गोदीत एकोणीस वर्षं वेल्डर.
बूथमध्ये बसवलं, हेडफोन घातला.
ऐकू आलं की बटण दाबा.
मध्येच सूर बंद ठेवून बघावं लागतं, तसा ठेवला.
दिवा लागला. थोड्या वेळानं परत लागला.
दार उघडून विचारलं, चाचा, आवाज नव्हता, का दाबलंत?
ओशाळून हसले.
म्हणाले, आता येईल असं वाटलं.