मोजदाद

यंदा जहाज आलं सप्टेंबर सरता सरता,
तेही अर्ध्या मालाचं.
दुकानात चिप्स होते, डायपर होते,
नाताळची चमकीसुद्धा होती.
काडतुसांच्या फळीवर फक्त पाटी:
माणशी एकच डबी.
पाटीखाली एकही डबी नव्हती.

पाटी मीच लिहिलेली. गल्ल्यावर मीच असते.
लोक वाकून, आवाज उतरवून विचारायचे,
आत काही ठेवलंयस का गं, लीटिया?
आत नव्हतं.
घरी होतं.

आमच्या थंड पडवीत, खिळ्याला टांगलेली
सीलच्या कातड्याची पिशवी,
पिशवीत बिस्किटांचा डबा,
डब्यात माझे लहानपणचे मोजे, टाचेला रफू केलेले,
आणि एकेका मोज्यात पन्नास काडतुसं.

रात्री जेवण झालं की आताता डबा आत आणायचे.
आताता म्हणजे माझे वडील.
स्टोव्हजवळ बसून, मांडीवरच्या टॉवेलवर ओतायचे,
आणि अंगठ्यानं एकेक सरकवायचे, ओठ न हलवता.
तीनशे बारा.
मग पुन्हा मोजे, डबा, पिशवी, खिळा.
बाहेर उणे तीस.
अकरा वर्षं. एक रात्र चुकली नाही,
ताप असतानाही नाही.

ते नऊ वर्षांचे असताना, एका मार्चमध्ये,
त्यांच्या वडिलांजवळ चार काडतुसं उरली होती.
तिनांत तीन सील मिळाले.
चौथं उद्यासाठी ठेवलं.
मग परवासाठी.
दूरच्या सीलवर वाया जाईल, जवळचा आला तर बघू.
धाकटी बहीण गेली तेव्हा
चौथं खिशातच होतं.
हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, चाकूला धार लावताना.
चूक कोणती होती,
चारच असण्याची की चौथं राखण्याची,
ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

जानेवारीत सिमिगाक आला. बूट न काढता दारातच उभा.
दहा दे, कुप्पाक. पहिला सील तुझ्याच घरी उतरवीन.
आमच्याकडे नाही म्हणायची रीत नाही,
गप्प बसायची आहे.
आताता म्हणाले, नाहीत.
सिमिगाकनं खिळ्याकडे पाहिलं
आणि टोपी कानांवर ओढून गेला.

दुसऱ्या दिवशी मी एक मोजा चोरला.
हाच शब्द बरोबर आहे.

सिमिगाक संध्याकाळी दुकानात आला
आणि मोजा गल्ल्यावर उपडा केला.
बुडाशी हिरवी बुरशी चढलेलं पितळ.
चौदा वेळा घोडा ओढला, म्हणाला,
चौदा वेळा टक्.
सील डोकं वर काढून ऐकत राहिला.
हसत होता तो. पण डोळे नव्हते हसत.

गारठलेली बंदूक ऊबेत आणायची नसते,
तिला घाम फुटतो, घामानं ती मरते.
हे मला सहाव्या वर्षी कुणी शिकवलं?
आताताने.
आणि स्वतः रोज रात्री
तीनशे बारांना घाम फोडत होते,
रोज रात्री तो घाम गोठवत होते.
एक मोजणीच तेवढी कधी चुकली नाही.

त्या रात्री त्यांनी मोजले. दोनशे बासष्ट.
पुन्हा मोजले.
रिकामा मोजा मी त्यांच्या गुडघ्याशी ठेवला.
स्टोव्ह कुरकुरत होता.
किती वेळानं त्यांनी विचारलं,
सील मिळाला त्याला?

मिळाला, मी म्हणाले.

त्यांनी रिकाम्या मोज्याची नीट घडी घातली,
रफूवरून अंगठा फिरवला.
त्यांचे खांदे जरा खाली आले,
कुणी पाठीवरचं ओझं उतरवून घ्यावं तसे.
मग दुसरा भरलेला मोजा उचलून
माझ्यापुढे धरला.
हाही नेऊन दे त्याला, म्हणाले.
आणि सांग, मागायला लाजू नकोस.

मी तो हातात घेतला.
स्टोव्हजवळचा होता,
अजून कोमट,
आणि किंचित ओला.