गोटी

आमच्याकडे मत म्हणजे गोटी.
पत्र्याची तीन पिंपं, तीन रंगांची,
प्रत्येकाला वरून नळी, आत घंटा.
गोटी पडली की एकदाच टिण्ण.
उसळून दुसऱ्यांदा वाजू नये
म्हणून तळाशी लाकडाचा भुसा.
आणि म्हणूनच आज सारे डेंबलमध्ये
सायकलची घंटी वाजवायची नाही कुणी.

पडद्याबाहेर बसून मी दिवसभर मोजत होतो.
सहाशे चौदा टिण्ण.
सह्या मात्र सहाशे पंधरा.
म्हटलं, दुपारी एखादी डुलकी लागली असेल.

राजधानीतले जाणकार रेडिओवर सांगतात:
भुईमुगाचा भाव, तरुणांचा कल, नदीपलीकडची मतं.
असेलही.
पण यांकुबा दार्बो गोटी तळहातावर घोळवत म्हणाला,
"मास्तर, नव्या पुलावरून माझी गाय
पहिल्यांदा न भिजता आली."
त्याचा सख्खा भाऊ, तोच पूल, गायही सामाईक,
अजून धुमसतोय मागल्या वेळच्या तांदळाच्या पोत्यावरून
जे शेजाऱ्याच्या दारात उतरलं.

पेंदाला नवऱ्यानं पहाटेच रंग सांगून ठेवला होता.
तिचा थोरला वाळवंटाच्या वाटेनं गेला;
लिबियातून एक फोन, मग काही नाही.
ती पडद्याआड गेली
आणि बराच वेळ काहीच वाजलं नाही.
रांग चुळबुळली.
नवरा खाकरला, दोनदा.
टिण्ण.
बाहेर आली ती डोक्याचा रुमाल घट्ट करत,
कुणाकडेही न बघता.

आवाजावरून पिंप ओळखू येत नाही.

रात्री कंदिलाखाली भोकांच्या फळ्या मांडल्या,
भोकागणिक एक गोटी.
पक्षांची माणसं श्वास धरून वाकलेली.
जांभळ्या पिंपात अकरा जास्त.
अकरा!
मी ती अकरा माणसं शोधत बसलो मनातल्या मनात.
तापानं न आलेल्या दोन म्हाताऱ्या?
होडी चुकून पैलतीरी अडकलेलं वऱ्हाड?
की मशिदीच्या विहिरीवरचं ते जुनं भांडण,
ज्यात उमेदवाराचं नावसुद्धा नव्हतं?

रेडिओवर तोवर देशाचा कौल सुरू झाला होता,
आणि त्याची कारणंही.

खोली झाडताना, पिंपांच्या मागे,
भिंतीच्या कडेला सापडली एक.
हातातून निसटलेली म्हणावी, तर मधोमध असती.
नियमानं बाद.
पाकिटात घातली, वर सही केली, तारीख टाकली.
हाताला किंचित कोमट लागली.
कंदील जवळ होता, त्यामुळे असेल.