फळ्यात पाणी

गंगावेशीत पहाटे म्हशी येऊन उभ्या राहतात
आणि गिऱ्हाईक पेला घेऊन त्यांच्या कासेपाशी.
धार डोळ्यांदेखत पडते, फेसासकट.
इथं दुधात पाणी घालायला कुणाला सवडच नाही.

तिथून पंचवीस पावलांवर आमच्या तालमीचा फळा.
एकोणीस वर्षं मी लिहितोय,
फौंड्रीत पाळीला जाण्याआधी,
ओल्या फडक्यानं कालचा दिवस पुसून:
राजाराम बंधाऱ्याची पातळी फूट-इंचात,
गुळाचा दर,
कुणाचं रक्षाविसर्जन किती वाजता,
कुणाचं पाकीट सापडलं,
आत तीनशे दहा रुपये आणि देवीचा फोटो,
ओळख पटवून घेऊन जाणे.

मग मध्येच मला काय झालं कुणास ठाऊक.
फळा नवा मिळाला, दुप्पट मोठा, काळाकुळकुळीत,
आणि त्यातली मोकळी जागा मला चावायला लागली.
रोज भरायचा म्हणजे भरायचाच.
कॅलेंडरच्या पाठीमागचे सुविचार,
नगरसेवकाच्या मेहुण्याचा वाढदिवस,
'जीवन हा संघर्ष आहे',
चारी बाजूंनी वेलबुट्टी.
रंगीत खडूंचा खर्च वाढला.
लोक जाता जाता म्हणायचे, अक्षर झकास हाय.
अक्षर.
आणि मी खूश.

गौराबाई लोहार खानावळीत भाकरी थापायला जाते.
बावन्नाव्या वर्षी रात्रीच्या वर्गात शिकली.
फळा वाचते ती बोटानं, हवेत,
जोडाक्षर आलं की थांबते,
चढावर सायकलवरून उतरून
ती हातात धरून चालावं, तशी.
'संघर्ष'पाशी तिला किती वेळ लागला ते मी बघत होतो.
डोक्यावर टिंब असलेला स,
मग घ,
मग तो रफार, नेमका कुणाच्या डोक्यावर आहे,
मग पोटफोड्या ष.
माझ्या हातातलं दूध निवून गेलं.

संपल्यावर ती वळली.
रागानं नाही. वाण्याला हिशोब विचारावा तसं म्हणाली,
"भाऊ, पाव तास झाला. समदं वाचलं.
ह्यात हाय काय?"

मी म्हटलं, विचार हाय की, चांगला.
"आसंल," म्हणाली,
"पर माझ्या वीस भाकरी मागं पडल्या."

दिवसभर भट्टीसमोर तेच डोक्यात.
ज्यांना वाचता येतं ते बिनकामाचं सोडून देतात,
नजर न मोडता, चालता चालता.
त्यांनी कधी तक्रार केली नाही, कारण
ते केव्हाच वाचायचे थांबले होते.
हिला डोळ्यानं गाळता येत नव्हतं.
लिहिलंय म्हणजे असंलच काहीतरी,
एवढ्या भरवशावर ती थंडीत उभी होती,
आणि माझा फळा काय म्हशीसारखा
डोळ्यांदेखत पिळलेला नव्हता.

सुटी झाल्यावर व्हॉल्व्हवाल्या रंजाप्पाला गाठलं.
तो म्हणाला, अजून कुणाला सांगितलं न्हाय, पण...
सकाळी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात
मी दोन ओळी लिहिल्या, पांढऱ्या खडूनं:

'शिंगणापूर उपसा बंद.
उद्या-परवा नळाला पाणी नाही. आजच भरा.'

बाकी सगळा काळा.
कट्ट्यावरून एकानं विचारलं, तब्येत बरी न्हाय काय, भावा?
दुसरा म्हणाला, खडू संपलं वाटतं.

गौराबाई आली. बोट वर गेलं.
'शिंगणापूर'ला अडलं, पुढं सरकलं,
शेवटच्या शब्दापाशी पोचलं, पुन्हा पहिल्यावर आलं.
दुसऱ्यांदा तिचे ओठ हलले नाहीत.

माझ्याकडं तिनं बघितलंच नाही.
खानावळीच्या रस्त्याला लागलेली बाई
तिथूनच घराकडं वळली,
पदर खोचत, चप्पल घासत, जवळजवळ पळत.

खडू मी खिशात टाकला.
अर्ध्याहून जास्त उरला होता.