चालू महादशा

लष्करात, मे महिन्यात, दुपारी तीनच्या सुमारास
कॉम्प्युटर मान टाकतो.
आधी मंदावतो. एक अक्षर दाबावं
आणि पाणी पिऊन यावं, तेव्हा ते उमटतं.
मग पंखा किंचाळतो, मग निळा पडदा, मग काळा.
गुण बावीसवर आलेले.
मुलीकडचे पाटणकर विचारतात,
बावीसच, की अजून वाढत होते?

मी प्लग काढते. पन्हं देते. पुन्हा लावते.

मी ज्योतिषी नाही, वीज मंडळातली टायपिस्ट.
रिटायर झाले, पत्रिकेची सीडी घेतली,
दौलतगंजात पाटी लावली.
तेव्हापासून वही ठेवते, सवयीनं:
सोमवारी दोनदा. बुधवारी चारदा, पैकी एकदा नाडीदोषावर.
बाहेर सेहेचाळीस. आत किती, ठाऊक नाही.

शेजारचा शिंपी म्हणाला, शनिवारी तेल वाहा.
बंगळुरूहून भाचा म्हणाला, मावशी, फॉरमॅट मार.
दोघांनीही पेटी उघडून बघितली नव्हती.
मी लिंबू-मिरचीचं स्टिकर आणलं
आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, चिकटवलं.
मग फॉरमॅटही मारलं.
दुसऱ्या दिवशी तीन वाजता, मान टाकली.

शेवटी रविवारी चार स्क्रू काढले.
आत पांढुरकी धूळ, आपल्या दगडाची असते तशी,
कूलरच्या खसचे दोन तुरे,
एक मुंगळा, कधीचा वाळलेला.
ब्रशनं झाडलं. रॅमची पट्टी काढून
तिचे पिवळे दात खोडरबरानं घासले,
वीज मंडळात कॅल्क्युलेटरचे घासायचो तसे.
चालला. अकरा मिनिटं.

मग नया बाजारातून आदिल आला.
त्यानं काही झाडलं नाही, पुसलं नाही.
पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याला
एका बोटानं हलवलं. ठोकळा डुलला.
"दीदी, ये तो बैठा ही नहीं है."
प्लॅस्टिकचे चार पाय, त्यातला एक मोडलेला.
म्हणजे उन्हात उभ्या माणसाच्या डोक्यावर छत्री होती,
पण वीतभर बाजूला.
जुना लेप खरवडला, खडूसारखा पडला.
नवा मोहरीएवढा लावला. पाय बदलला.
सत्त्याण्णववरून चौपन्न.
मी वहीत लिहिलं: चौपन्न. खाली दोन रेघा.

सामान आवरता आवरता तो म्हणाला,
दीदी, तुमच्याकडे अजून दोन हजार नऊ का चालू आहे?

कुठे?
त्यानं स्टिकरवर बोट ठेवलं.

बोर्डावर एक सेल असतो, नाण्याएवढा.
तो मेला की प्लग काढल्यावर घड्याळ मागे पळतं,
एक जानेवारीला, आणि तिथून पुन्हा चालायला लागतं
जणू काही झालंच नाही.
आणि सीडीतलं ते एक पान,
ज्याच्यासाठी लोक खरं तर येतात,
'चालू महादशा',
ती आज कोणती तारीख आहे हे मशीनलाच विचारते.

वही काढली. प्लग काढल्याच्या तारखा,
आणि त्यानंतर छापलेल्या पत्रिका.
सतरा.

पहिला फोन नई सडकच्या खांडेकरांना.
म्हटलं, चूक झाली. तुम्हाला राहू सांगितला,
तो कधीच संपला. गुरू चालू आहे, बरीच वर्षं.
पैसे परत करते.
ते थोडा वेळ गप्प. मागे टीव्हीवर भावांची पट्टी वाचत होते.
मग म्हणाले, राहूच असू द्या हो.
तुम्ही लिहिलेलं अगदी तंतोतंत निघालं.
दुकानाचं, भावाचं, सगळं.
आता गुरू म्हटलात तर
हे सगळं कोणामुळे झालं म्हणायचं?

सोळा फोन राहिलेत.
सेल बदलला, चाळीस रुपये.
स्टिकर नखानं काढलं. डिंकाचा चौकोन काही निघत नाही,
त्याच्यातून तारीख दिसते,
जरा पुसट, पण आजचीच.